पेरिक्लीस खरंच असं बोलला होता का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातल्या युद्धात मेलेल्यांच्या अंत्यविधीला अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस यानं केलेल्या भाषणाचा मराठी अनुवाद तुम्ही हौसेनं करायला घेतलात, निम्मा झालाही, आणि मग कुठेतरी वाचलंत की हे भाषण पेरिक्लीसचं नाहीच, ते ग्रीक इतिहासकार थुसिडिडीसनं रचलंय. आता अनुवाद पुढे न्यावा की सोडून द्यावा, अशा पेचात आहात. वर जरा वैतागून विचारलंय : "मग हे इतिहासकार की कादंबरीकार? आपल्या बखरी आणि हे, यात फरक काय?"

वैताग मला पुरेपूर कळतो, कारण त्यातून मीही गेले आहे. प्राचीन इतिहास शिकवायला लागले त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी एका छोट्या लेखात मी अथेन्सच्या लोकशाहीबद्दल लिहिताना "पेरिक्लीस म्हणतो" असं लिहून खाली पाच-सहा ओळी अवतरणचिन्हांत टाकल्या होत्या. विभागातल्या एका ज्येष्ठ सरांनी लेख वाचला, पेन्सिलीनं त्या अवतरणाभोवती गोल केला आणि समासात एवढंच लिहिलं : "कोण म्हणतो?" मला वाटलं मुद्रणदोष दाखवताहेत. दोष मुद्रणाचा नव्हता. पुढची पंचवीस-सव्वीस वर्षं मुलांच्या पेपरांत मी तोच गोल काढत आले.

तेव्हा आधी प्रश्न जरा बदलून घेऊ. "हे खरं की रचलेलं?" असं विचारलं की उत्तर हो किंवा नाही एवढंच येतं, आणि या मंडळींच्या बाबतीत ती दोन्ही उत्तरं चुकतात. मी वर्गात विचारायला लावते तो प्रश्न वेगळा : "याला हे कळलं कसं?" हा प्रश्न वाक्यावाक्याला विचारायचा, ग्रंथाला सरसकट नाही. एकाच पानावर एका ओळीचं उत्तर "स्वतः पाहिलं" असेल, दुसरीचं "कुणाकडून तरी ऐकलं", तिसरीचं "कळायला काही मार्गच नव्हता". ग्रंथकार एकच, पण तिन्ही ओळींचं वजन वेगळं.

म्हणून पहिल्यांदाच कबूल करते की तुमच्या प्रश्नाला एक सरळ उत्तर नाही. लेखक कोण, भाषण कुठे झालं, ऐकायला किती माणसं होती, लेखक लिहीत असताना त्यांतली किती जिवंत होती, आणि त्या भाषणाची कुठे लेखी नोंद झाली होती का, यावर सगळं अवलंबून आहे. ग्रीक हिरोडोटस ते रोमन टॅसिटस हा साडेपाचशे वर्षांचा पट्टा आहे. एवढ्या काळातल्या लेखकांना एकच गज लावून मोजता येत नाही.

तुमच्या माणसापासून सुरू करू. थुसिडिडीसचं मोठेपण असं की तुमचा आक्षेप त्यानं स्वतःच पहिल्या पुस्तकाच्या बाविसाव्या प्रकरणात मांडून ठेवलाय. त्याचं म्हणणं मी माझ्या शब्दांत सांगते : काही भाषणं मी स्वतः ऐकली, काही इतरांकडून कळली. नेमके शब्द लक्षात ठेवणं मलाही अवघड होतं आणि मला सांगणाऱ्यांनाही. म्हणून त्या त्या प्रसंगी त्या माणसानं जे बोलणं गरजेचं होतं असं मला वाटलं, ते मी त्याच्या तोंडी घातलंय, मात्र प्रत्यक्ष जे बोललं गेलं त्याच्या एकंदर आशयाला शक्य तितकं धरून. लगेच पुढे तो घटनांबद्दल बोलतो, आणि तिथे सूर एकदम कडक होतो : युद्धात काय घडलं ते मी भेटेल त्याला विचारून लिहिलेलं नाही आणि मला वाटलं म्हणूनही लिहिलेलं नाही. एकाच प्रसंगाचे साक्षीदार वेगवेगळं सांगतात, कुणी पक्षपातानं, कुणी आठवणीच्या दोषानं, म्हणून प्रत्येक गोष्ट तपासून घेतली.

म्हणजे भाषणाला एक नियम आणि घटनेला दुसरा, हे त्यानं वाचकाला आधीच सांगून टाकलंय. यात फसवणूक कुठे आली? अडचण वेगळीच आहे. "बोलणं गरजेचं होतं असं मला वाटलं" आणि "आशयाला धरून" ही दोन टोकं एकमेकांना ओढतात. त्या ओढाताणीवर अभ्यासकांनी ढीगभर लिहिलंय. मला ती ओढाताण पुस्तकांतून कळली नाही, पुण्यातल्या एका वाड्यात कळली.

पानशेतच्या पुराच्या, म्हणजे १२ जुलै १९६१ च्या, आठवणी गोळा करायचं काम मी काही वर्षं हौसेनं करत होते. नदीकाठच्या एका पेठेत दोन भाऊ भेटले. पूर आला तेव्हा थोरले सोळा वर्षांचे, धाकटे बारा. दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं. थोरले म्हणाले, "वडील ओरडले, देव राहू देत, आधी आजीला उचला!" धाकटे म्हणाले, "वडील म्हणाले, बाकी सगळं सोडा, आईला बाहेर काढा." शब्द पाहिलेत तर एकही जुळत नाही. आशय तंतोतंत तोच. आणि गंमत म्हणजे थोरल्यांच्या सांगण्यात ती बाई 'आजी' झालीय, कारण ती त्यांची आजी. सांगणाऱ्याचं नातं वडिलांच्या वाक्यात शिरलं आणि त्यांना पत्ताही लागला नाही. पाणी जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत आलं, यावर दोघांत तीन पायऱ्यांचा फरक पडला. तो निकाल मात्र लावता आला, कारण वाड्याच्या भिंतीवर पाण्याची खूण करून ठेवलेली होती. थोरले चुकले होते. पण वडील नेमकं काय ओरडले, त्याची खूण कुठल्या भिंतीवर असणार?

थुसिडिडीसच्या दोन नियमांचं कारण एवढंच आहे. घटनेची खूण कुठेतरी राहते, शब्दांची राहत नाही.

घटनांच्या बाबतीत हा माणूस किती काटेकोर होता, त्याचं एक उदाहरण देते. युद्ध कधी सुरू झालं ते त्याला सांगायचंय. आपण म्हणतो इ.स.पू. ४३१. त्याच्यापाशी असला सर्वांना चालणारा सनच नव्हता, गावागणिक कालगणना वेगळी. मग तो लिहितो की आर्गॉसमध्ये ख्रायसिस पुजारीण होऊन अठ्ठेचाळिसावं वर्ष चालू होतं, स्पार्टात एनेसियस एफोर, म्हणजे त्या वर्षीचा अधिकारी, होता, अथेन्समध्ये पिथोडोरसच्या आर्कनपदाचे, म्हणजे तिथल्या वर्षभराच्या अधिकारपदाचे, अजून दोन महिने उरले होते, पोटिडियाच्या लढाईला सहावा महिना लागला होता आणि वसंत ऋतू सुरू होत होता. तारखेला चारी बाजूंनी खुंट्या मारून तिला जागेवर बसवलंय. त्यापुढे सगळं युद्ध तो उन्हाळा आणि हिवाळा अशा हिशेबानं मांडतो, कारण फौजा ऋतू बघून हलतात, कुठल्या गावात कोण अधिकारी आहे ते बघून हलत नाहीत. इ.स.पू. ४२० मध्ये अथेन्स, आर्गॉस, मँटिनिया आणि एलिस यांच्यात शंभर वर्षांचा म्हणून एक तह झाला. त्याची कलमं त्यानं पुस्तकात उतरवून घेतलीत. त्याच तहाच्या संगमरवरी शिलालेखाचा एक तुकडा अथेन्समध्ये सापडला. पडताळून पाहिलं तर किरकोळ शब्दभेद सोडता मजकूर जुळतो. आता याच माणसाला "कादंबरीकार" म्हणायचं असेल तर जरा दमानं.

त्यात तो स्वतः त्या युद्धातला सेनापती. इ.स.पू. ४२४ मध्ये अँफिपोलिस वाचवायला त्याला उशीर झाला, शहर गेलं आणि अथेन्सनं त्याला वीस वर्षं हद्दपार केलं. तो सांगतो की त्यामुळे मला दुसऱ्या बाजूच्या लोकांतही वावरता आलं आणि निवांतपणे चौकशी करता आली. हे म्हणताना आवाजात जराही कळवळा नाही.

आता तुमच्या भाषणाला "कळलं कसं?" हा प्रश्न लावून पाहा. प्रसंग युद्धाच्या पहिल्या हिवाळ्यातला. मेलेल्यांच्या अस्थी सायप्रस नावाच्या झाडाच्या लाकडाच्या पेट्यांत, दर जमातीची एक पेटी, आणि ज्यांचे देह सापडले नाहीत त्यांच्यासाठी एक मोकळी तिरडी. भाषण उघड्यावर, जास्तीत जास्त लोकांना ऐकू जावं म्हणून उंच बांधलेल्या चौथऱ्यावरून, हजारोंच्या समोर. थुसिडिडीसची हद्दपारी सहा-सात वर्षं पुढे आहे. पुढच्याच वर्षी अथेन्समध्ये साथ आली, ती त्याला स्वतःला झाली होती. म्हणजे हे भाषण त्यानं कानानं ऐकलं असणं सहज शक्य आहे. शिवाय ते ऐकलेले शेकडो लोक नंतरही हयात होते. पेरिक्लीसच्या तोंडी भलतंच काही घातलं असतं तर "छे, हे नव्हते बोलले" म्हणणारे पुष्कळ निघाले असते. माझा अंदाज विचाराल तर : विषयांची निवड पेरिक्लीसची, म्हणजे वाडवडिलांची स्तुती आटोपती घेऊन शहराच्या राहणीवर येणं हे. वाक्यं मात्र थुसिडिडीसची. ती पिळदार, एकमेकांशी झुंजणारी नामं त्याच्या पुस्तकातली बहुतेक सगळीच माणसं बोलतात. सगळी पात्रं एकाच घाटाचं ग्रीक बोलायला लागली की समजायचं, लेखणी एकाच माणसाची आहे.

याउलट मेलोस बेटाचा संवाद घ्या, इ.स.पू. ४१६ चा. अथेन्सचे दूत आणि मेलोसचे मोजके अधिकारी बंद दाराआड बोलताहेत. थुसिडिडीस तेव्हा हद्दपारीत. बेट पडल्यावर हाती लागलेले पुरुष ठार केले गेले आणि बायकामुलं गुलाम म्हणून विकली गेली. त्याला सांगणार कोण? कुणीतरी अथेनियन असू शकेल, नाही असं नाही. पण तो संवाद नाटकाच्या संहितेसारखा लिहिलाय, एकाआड एक बोलणं, मध्ये "तो म्हणाला" सुद्धा नाही. इथे मी "आशयाला धरून" या शब्दांवर फार भार टाकणार नाही. ते त्याचं सत्तेविषयीचं विश्लेषण आहे, दोन आवाजांत मांडलेलं. वाचायला अप्रतिम आणि पुरावा म्हणून अशक्त, दोन्ही एकदम.

तुम्ही म्हणाल, हे सगळं अंदाजपंचे. मूळ भाषण आणि इतिहासकारानं दिलेलं भाषण शेजारी शेजारी ठेवून पाहता येईल, असं एकतरी उदाहरण आहे का? आहे, आणि माझ्या मते या विषयातली ही सर्वांत मजेदार वस्तू आहे. ती ग्रीक नाही, रोमन आहे.

इ.स. ४८ मध्ये सम्राट क्लॉडियसनं सेनेटमध्ये भाषण केलं. गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, सरदारांना रोममध्ये अधिकारपदं मिळावीत की नाही हा वाद होता आणि सम्राट त्यांच्या बाजूनं बोलला. गॉलच्या लोकांनी खूश होऊन ते भाषण ब्राँझच्या पत्र्यावर कोरून लावलं. तो पत्रा १५२८ साली लियाँमध्ये सापडला. वरचा भाग गेलाय, पण दोन स्तंभ भरून मजकूर शिल्लक आहे. आणि टॅसिटसनं आपल्या 'ॲनल्स'च्या अकराव्या पुस्तकात हेच भाषण दिलंय, जवळजवळ सत्तर वर्षांनी लिहिताना.

पत्र्यावरचा क्लॉडियस कसा बोलतो ते बघा. मुद्दा एवढाच की रोमनं बाहेरच्यांना नेहमीच आत घेतलंय. त्यासाठी तो थेट जुन्या राजांपासून सुरुवात करतो. नुमा राजा सॅबाइन, म्हणजे रोमशेजारच्या जमातीचा, होता. तार्क्विनियसचा बाप कोरिंथचा. मग सर्व्हियस टुलियसवर येतो आणि तिथे त्याच्यातला अभ्यासक जागा होतो : आपले लेखक त्याला एका बंदिवान बाईचा मुलगा म्हणतात, पण एट्रुस्कन, म्हणजे रोमच्या उत्तरेकडच्या शेजाऱ्यांचे, लेखक म्हणतात की त्याचं मूळ नाव मास्तार्ना. एट्रुस्कन इतिहासावर क्लॉडियसनं स्वतः ग्रंथ लिहिला होता, त्यामुळे हा मोह आवरणं कठीणच. मग वाटेत एका मयत शत्रूला नाव न घेता 'आखाड्यातला राक्षस' म्हणून शिवी हासडून होते. शेवटी वाक्य येतं की टायबेरियस सीझर जर्मानिकस (हे क्लॉडियसचंच नाव), तुझं भाषण कुठे चाललंय ते आता सेनेटला सांगायची वेळ झाली! हे तो स्वतःलाच उद्देशून म्हणाला की कुणा सेनेटरचा टोमणा नोंदीत शिरला यावर वाद आहे. मला तरी तो स्वतःलाच म्हणाला असं वाटतं. वर्गात विषय सोडून भरकटलेल्या प्रत्येक मास्तराच्या तोंडी हे वाक्य कधी ना कधी आलेलं असतं.

आणि टॅसिटसचा क्लॉडियस? मुद्देसूद, ठाम, आटोपशीर. आधी विरोधकांचं म्हणणं येतं, मग सम्राट उत्तर देतो. सुरुवात स्वतःच्या घराण्यापासून : माझाच मूळ पुरुष क्लॉसस सॅबाइन होता. मग स्पार्टा आणि अथेन्स का बुडाले, तर जिंकलेल्यांना त्यांनी परकेच ठेवलं म्हणून. मास्तार्ना गायब, शिवी गायब, भरकटणं गायब. शेवटी एक झळझळीत वाक्य, की आज आपण ज्याला जुने दाखले देतोय तेही उद्या दाखला होईल. उरलेल्या पत्र्यावर हे वाक्य नाही.

पण एक गोष्ट जुळते : युक्तिवादाचा गाभा. बाहेरच्यांना आत घेणं ही रोमची जुनी रीत आहे, राजेसुद्धा बाहेरून आले, गॉलनं ज्यूलियस सीझरशी युद्ध केलं खरं पण नंतर दीर्घ काळ निष्ठा पाळली, हे सगळं दोन्हीकडे आहे. सेनेटच्या नोंदी टॅसिटसला उपलब्ध होत्या, त्यानं मूळ मजकूर पाहिला असणार असंच जुळणीवरून वाटतं. पाहून त्यानं आशय ठेवला, क्रम बदलला, भाषा सगळी आपली घातली, आणि माणूस पुसला. हा शेवटचा तोटा मोठा आहे. पत्र्यावरचा तो विद्वान, फाटे फोडणारा, थोडा हास्यास्पद क्लॉडियस टॅसिटसच्या पानावर भेटत नाही. तेव्हा भाषणातून त्या माणसाचा स्वभाव काढायला जाऊ नका. धोरण काढा.

मात्र या उदाहरणानं फार हुरळूनही जायचं नाही. त्याच टॅसिटसनं आपल्या सासऱ्याचं, अग्रिकोलाचं, चरित्र लिहिलंय. त्यात ब्रिटनच्या उत्तरेकडचा काल्गाकस नावाचा सरदार लढाईआधी आपल्या लोकांपुढे बोलतो. रोमन लोक सगळं उजाड करतात आणि त्याला शांतता म्हणतात, हे जगभर उद्धृत होणारं वाक्य त्या भाषणातलं. याला हे कळलं कसं? लढाई कशी झाली ते सासऱ्यांनी सांगितलं असेल. पण शत्रूचा म्होरक्या आपल्या माणसांना आपल्या भाषेत काय म्हणाला, ते रोमन छावणीत कोण ऐकायला होतं? कुणीच नाही. ते वाक्य टॅसिटसचं आहे. साम्राज्याची सर्वांत धारदार निंदा एका रोमन सेनेटरनंच लिहिली, हेही काही कमी मोलाचं नाही. फक्त ते काल्गाकसच्या नावावर जमा करू नका.

हिरोडोटसबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण त्याच्या बाबतीत लोक उलटी चूक करतात, म्हणून थोडं लिहिते. त्याच्या सोनं खणणाऱ्या मुंग्या आणि इराणचा राजा झर्क्सिस याच्या फौजेतली बावन्न लाखांवरची माणसं वाचून त्याला थापाड्या ठरवतात. त्याच्या 'हिस्टोरिए' या शब्दाचा अर्थ मुळात 'चौकशी'. इजिप्तच्या भागात तो मध्येच थांबून सांगतो की इथवर मी जे सांगितलं ते माझं पाहणं, माझी समजूत आणि माझी चौकशी. आता पुढचं इजिप्तचे लोक सांगतात ते. आणि सातव्या पुस्तकात तर स्वच्छ म्हणतो की लोक जे सांगतात ते सांगणं माझं काम, त्यावर विश्वास ठेवलाच पाहिजे असं नाही, आणि हे माझ्या सगळ्या ग्रंथाला लागू धरा. फिनिशियन खलाशांनी आफ्रिकेला वळसा घातला, ही गोष्ट त्यानं अशीच नोंदवली. ते म्हणत की पश्चिमेकडे जाताना सूर्य आमच्या उजव्या हाताला होता. हिरोडोटस म्हणतो, कुणाला पटो, मला हे पटत नाही. आज आपल्याला ती गोष्ट खरी वाटते ती नेमकी या तपशिलामुळे, कारण विषुववृत्ताच्या खाली गेल्यावर तसंच दिसतं. न पटलेली गोष्ट त्यानं गाळली असती तर हा पुरावा कायमचा गेला असता. बातमी सोडायची नाही, पण तिच्याखाली सहीही करायची नाही, असा त्याचा बाणा.

आणि त्याची चौकशी कधी कधी थक्क करते. इराणचा राजा डरायस याला गादीवर आणणाऱ्या सहा साथीदारांची नावं त्यानं दिलीत. इराणात बेहिस्तूनच्या उंच कड्यावर डरायसनं स्वतः कोरून ठेवलेला लेख रॉलिन्सननं १८३५ पासून उतरवून घेतला, पुढे वाचला. सहांपैकी पाच नावं जुळली. हा रॉलिन्सन १८२७ साली कंपनीच्या नोकरीत मुंबईला आलेला पोरगेला अधिकारी, फारसीत तो तयार झाला तो हिंदुस्थानात.

ग्रीक इतिहासकार पॉलिबियस माझा आवडता, पण त्याच्यावर लिहायला बसले तर हे उत्तर संपणार नाही. इ.स.पू. १६७ मध्ये ओलीस म्हणून रोमला नेलेल्या हजार ग्रीकांपैकी हा एक. टिमेयस नावाच्या आधीच्या इतिहासकारावर त्यानं जवळजवळ अख्खं पुस्तक खर्ची घातलंय. रोख असा की पन्नास वर्षं अथेन्समध्ये ग्रंथ उलगडत बसलात, एकदा तरी रणांगण पाहिलंत का? पुस्तकांतून माहिती काढायला धोका नाही, कष्ट नाहीत, आडव्या आडव्या होते ती. स्वतः पॉलिबियस कार्थेजचा सेनापती हॅनिबल ज्या वाटेनं गेला ती पाहायला आल्प्स ओलांडून आला, आणि हॅनिबलनं एका देवळात ठेवलेल्या ब्राँझच्या पाटीवरून त्याच्या सैन्याचे आकडे घेतले. भाषणांबद्दलही त्याचा दंडक कडक : इतिहासकारानं आधी प्रत्यक्ष काय बोललं गेलं ते शोधावं, शोभेची भाषणं रचू नयेत. आणि हाच पॉलिबियस झामाच्या लढाईआधी, इ.स.पू. २०२, रोमचा सेनापती सिपिओ आणि हॅनिबल दोघांनाही अगदी वेळेवर बोलायला उभं करतो. सवय जुनी, सुटत नाही.

रोमन इतिहासकार लिव्ही त्याच्या अगदी उलट, घरात बसून लिहिणारा. १४२ पुस्तकं लिहिली, ३५ उरलीत. कामाची पद्धत अशी की समोर एक आधीचा लेखक उघडा, त्याच्यावरून आपल्या सुंदर लॅटिनमध्ये लिहायचं. त्यातून चुका होतात. एका वेढ्याच्या वर्णनात पॉलिबियसनं लिहिलंय की भुयारातल्या सैनिकांनी ढाली पुढे धरल्या. ढालीला त्याचा शब्द 'थुरेओस', आणि दाराला ग्रीक शब्द 'थुरा'. लिव्हीच्या भुयारात सैनिक दारं पुढे धरतात! मी विद्यार्थ्यांना हे सांगितलं की ते लिव्हीला हसतात. मी सांगते, हसू नका, या एका दारामुळेच आपल्याला नक्की कळतं की तो कुणावरून उतरवत होता. पण तो बावळट नाही. स्पेनमधल्या नव्या कार्थेज शहरात पकडलेल्या बाणयंत्रांचा आकडा देताना म्हणतो, ग्रीक लेखकाप्रमाणे साठेक, वालेरियस अँटियास या रोमन लेखकाप्रमाणे मोठी सहा हजार आणि लहान तेरा हजार. खोटं बोलायला काही सीमाच नाही!

आणि रोमन वक्ता सिसरो. इतिहासकाराचा पहिला नियम म्हणजे खोटं लिहिण्याची हिंमत न करणं, हे त्यानंच लिहून ठेवलंय. त्याच सुमाराला लुकेयस नावाच्या इतिहासकार मित्राला पत्र लिहून त्यानं विनवलं, की माझ्याबद्दल लिहिशील तेव्हा सत्याला परवडेल त्यापेक्षा थोडं जास्तच प्रेमानं लिही.

या सगळ्यांच्या कामाची साधनं काय होती, हेही ध्यानात घ्या. पपायरसच्या गुंडाळ्या. पानांचे क्रमांक नाहीत, सूची नाही, अवतरणचिन्ह नावाची गोष्टच नाही. एक संदर्भ पडताळायचा तर हातभर गुंडाळी उलगडायची आणि परत गुंडाळायची. तळटीप देणार कुठे? म्हणून हे लोक आपल्या आधाराचं नाव बहुतेकदा भांडण असेल तेव्हाच घेतात. नाव घेतलेलं दिसलं की मी सावध होते, इथे काहीतरी मतभेद आहे. त्यात शिक्षण सगळं वक्तृत्वाचं. अमक्या प्रसंगी अमका काय बोलला असता ते रचून दाखव, हा शाळेतला नेहमीचा धडा. वाचकही त्याच शाळेतून आलेला. त्यामुळे भाषण आलं की लेखक आता प्रसंगाचा अर्थ उलगडतोय, हे त्याला सांगावं लागत नसे. आपल्याला मात्र अवतरणचिन्ह दिसलं की टेपरेकॉर्डर आठवतो.

बखरींशी तुलना तुम्ही केलीत ती निम्मी बरोबर आहे. बखरीतले संवादही असेच, प्रसंगाला शोभतील असे, आणि त्यांनाही "कळलं कसं?" हाच प्रश्न लावायचा. फरक दोन. बखरकार आपण कुठल्या नियमानं संवाद लिहितोय हे सहसा सांगत नाही, थुसिडिडीस सांगतो. दुसरा फरक आपल्या सोयीचा आहे : बखर पडताळायला आपल्याकडे पत्रं आहेत, दफ्तरं आहेत, राजवाड्यांच्या पिढीनं ती गावोगाव हिंडून उजेडात आणली. अथेन्सच्या त्या युद्धासाठी दफ्तर नाही. मूठभर शिलालेख, अ‍ॅरिस्टोफेनीसची नाटकं, आणि थुसिडिडीस.

आता तुमचा अनुवाद. सोडू नका, पण दोन गोष्टी करा. भाषणाच्या आधी पहिल्या पुस्तकातल्या त्या बाविसाव्या प्रकरणाचा अनुवाद जोडा, पानभरही होणार नाही. म्हणजे वाचकाला थुसिडिडीसनं जी सूचना दिली होती ती मराठी वाचकालाही मिळेल.

दुसरी गोष्ट एका शब्दाची. पेरिक्लीस चौथऱ्यावर चढतो आणि भाषण सुरू होतं, त्याच्या लगेच आधी मूळ ग्रीकमध्ये दोन शब्द आहेत : 'एलेगे तोयादे'. 'एलेगे' म्हणजे बोलला. 'तोयादे' म्हणजे 'हे' नव्हे, 'अशा प्रकारचं', 'असं काहीसं'. भाषांतरांत तो शब्द सर्रास गळतो. तुम्ही पाठवलेल्या नमुन्यात तुम्हीही "पेरिक्लीस म्हणाला" एवढंच लिहिलंय. तिथे "पेरिक्लीस अशा आशयाचं बोलला" असं करून पाहा, आणि भाषणाभोवतीची अवतरणचिन्हं काढून टाका. मूळ ग्रीकमध्येही ती नव्हती.